दुसऱ्यातून तिसऱ्यात

आमच्या घरात गाडी चालवणारं माणूस एकच, आणि ते मी नव्हे. माझी अख्खी नोकरी मयूर विहार ते केंद्र सरकारचं एक भवन, अशी चार्टर्ड बसमध्ये डुलक्या काढत गेली. गाडी चालवते ती माझी बायको. ती शाळेत फिजिक्स शिकवायची. निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी तिने एक स्पोर्ट्स कार घेतली. दोनच सीटा, मागे दुमडणारं छप्पर, आणि बसताना आधी खाली वाकून मग आत घसरावं लागेल इतकी बुटकी. मुदत संपवून मायदेशी निघालेल्या दूतावासातल्या एका गृहस्थाकडून ती घेतली. दिल्लीत अशा गाड्या बहुधा अशाच मिळतात.

सोसायटीत आमच्यावर विनोद व्हायचे. खालच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले गेटपाशी उभे राहून विचारायचे, "मॅडम, आज भाईसाहब को कहाँ घुमाने ले जा रही हैं?" मी हसायचो. बायको चालवते आणि मी शेजारी बसतो यात मला कधी कमीपणा वाटला नाही. भीती मात्र वाटायची. जमिनीला पोट टेकलेली गाडी, दोन्ही बाजूंना ट्रकची चाकं, आणि हिचा वेग. ही भीती मी सरळ तिच्याजवळ बोललो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. बोललो नाही. माझा स्वभाव फाइलवर नोटिंग लिहिणाऱ्याचा आहे. मनातलं मार्जिनमध्ये ठेवायची सवय.

गिअरचं थोडं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच घडलं. गिअरचा दांडा दोन सीटांच्या मधोमध उभा असतो. डावीकडे वर पहिला गिअर, खाली दुसरा. मधल्या ओळीत वर तिसरा, खाली चौथा. उजवीकडे पाचवा आणि रिव्हर्स. गिअर काढला की दांड्याला आतली एक स्प्रिंग आपोआप मधल्या ओळीत आणून सोडते. म्हणून दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हाताने दांडा बाजूला न्यायचा नसतो. नुसता पुढे सारायचा. मधे आणायचं काम स्प्रिंगचं. हे मला गाडी न चालवता पाठ आहे, कारण ही विद्या तिने मला जेवणाच्या टेबलावर चमचे मांडून शिकवली होती. आता दांडा मधे आलाच नाही, डावीकडेच राहिला, आणि माणसाने भरवशाने पुढे सारला, तर तो तिसऱ्यात न जाता पहिल्यात जातो. धावती गाडी एकदम पहिल्या गिअरमध्ये गेली की मागून कुणीतरी शेपटी धरल्यासारखी आचका देऊन अडते.

तसं ते पहिल्यांदा झालं थंडी सरत असताना. तिने दात-ओठ खात गाडी सावरली आणि म्हणाली, "दांडा मधे येत नाहीये."

मी "हं" म्हणालो.

आठवड्याभराने पुन्हा झालं. घरी आल्यावर तिने मला पार्किंगमध्ये उभं करून दाखवलं. बंद गाडीत दांडा डावीकडे नेला, सोडला. दांडा शहाण्यासारखा मधे आला. पुन्हा केलं, पुन्हा आला. दहा वेळा आला. डॉक्टरांच्या दारात ताप उतरलेल्या पोरासारखं त्याचं वागणं. ती म्हणाली, "रस्त्यावर येत नाही. धक्के बसतात तेव्हा काहीतरी होतं. स्प्रिंग ढकलतेय, पण मधे कुठेतरी अडतंय." मी मान डोलावली. सरकारात चाळीस वर्षं मी अशीच मान डोलावली आहे, तिचा अर्थ काहीच होत नाही.

मग कस्तुरबा गांधी मार्गावरून परततानाचा तो दिवस. महाराष्ट्राच्या गेस्ट हाउसवर माझे एक मेहुणे उतरले होते, त्यांना भेटून आम्ही परतत होतो. नोएडा लिंक रोडच्या चढावर तिने दुसऱ्यातून तिसरा टाकला आणि गाडी जागच्या जागी बसली. मागचा स्कूटरवाला येऊन बंपरला भिडला. कुणाला लागलं नाही. स्कूटरवाला हेल्मेट काढून मला म्हणाला, "अंकल, आप चलाया करो ना. आंटी के बस का नहीं है." ती स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिली. मी त्याला म्हणू शकलो असतो की मला चालवता येत नाही आणि हिच्याइतकी चांगली तुलाही येत नाही. मी म्हणालो, "ठीक है, ठीक है, चलो."

त्या संध्याकाळी मी मुलाला फोन केला. तो गुरुग्रामला असतो. मी जेवढं झालं तेवढंच सांगितलं, असं मला अजूनही वाटतं, पण सांगण्याच्या सुरात निकाल होता. तो म्हणाला, "बाबा, यार, आई बासष्टची आहे. अब बस करो ना. तिचा हात सुन्न वगैरे होतो का?" बधिर हा शब्द त्याला येत नाही, दिल्लीत वाढलेल्या पोरांना असे बरेच शब्द येत नाहीत. मी म्हणालो, बघतो.

आणि मी बघायला लागलो. तिच्या डाव्या हाताकडे. ती कणिक मळताना, वर्तमानपत्राचं पान उलटताना, जिना उतरताना कठडा धरते तेव्हा. एकदा तिच्या हातून वाटी निसटली. माझ्या हातून आठवड्याला दोन निसटतात, पण तिची मी लक्षात ठेवली. तिला हे कळत होतं. शाळेत पस्तीस वर्षं काढलेल्या बाईला आपल्यावर कोण लक्ष ठेवून आहे ते पाठ फिरवूनही कळतं.

मुलाने न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतली. तिच्या हाताला तारा लावून बारीक बारीक झटके दिले, पडद्यावर रेषा आल्या. डॉक्टर म्हणाले, डाव्या हाताची नस किंचित मंद आहे, उम्र के हिसाब से बिल्कुल नॉर्मल, काळजीचं काही नाही. आम्हा बापलेकांनी त्यातलं किंचित मंद एवढंच उचललं. परत येताना टॅक्सी केली, कारण त्या दिवशी मुलाने गाडी नेऊ दिली नव्हती. ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं एकेक करून दाबत होती.

त्यानंतर तिचं बोलणं बदललं. पूर्वी ती म्हणायची, दांडा मधे आला नाही. आता गाडीने भाजी घेऊन आली की चपला काढता काढता म्हणायची, "आज पुन्हा मला मधे आणता आला नाही." मला ते ऐकून सुटल्यासारखं झालं. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण झालं खरं. आता वाद नव्हता. मग एका रविवारी नाश्त्याला तीच म्हणाली, "विकून टाकू या." मी वरवर अरे, कशाला, असं म्हणालो. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पोह्यांत तोंड घातलं.

मुलाने मोबाइलवर जाहिरात टाकली. आठवड्यात एक गिऱ्हाईक आलं. नोएडाचे दाताचे डॉक्टर, पन्नाशीचे, अशा गाड्यांचे शौकीन. एकटेच फेरी मारायला गेले. पंधरा मिनिटांनी आले, उतरले, आणि तपासणीचा निकाल सांगितल्यासारखे म्हणाले, "मॅडम, गाड़ी आपने बहुत प्यार से रखी है. बस गिअर बीच में नहीं लौट रहा. दूसरे से तीसरे में डालो तो पहले में चला जाता है. दो बार हुआ. दिखवा लीजिए, फिर मैं ले लूँगा."

मी पटकन म्हणालो, "अच्छा, अच्छा, आज ही दिखवा लेते हैं."

बोलून गेलो आणि मग कळलं आपण काय बोललो. ती तीन महिने हेच सांगत होती. चमचे मांडून, पार्किंगमध्ये उभं करून, स्कूटर आपटल्यावर. मी मान डोलावत होतो. आणि हा माणूस सोसायटीला एक फेरी मारून आला, तर मी 'आज ही' म्हणालो. आम्ही दोघं लिफ्टने वर निघालो. सातव्या मजल्यापर्यंत लिफ्टला इतका वेळ लागतो हे मला त्या दिवशी समजलं.

पटपडगंजच्या औद्योगिक वसाहतीत एक वयस्कर सरदारजी फक्त जुन्या आणि परदेशी गाड्यांचं काम करतात. त्यांच्याकडे गेलो. त्यांची एक शिस्त होती, ती त्यांनी आधीच सांगितली. गाडीतून जे निघेल ते मालकाच्या हातात. खराब स्क्रू असला तरी. "बाद में कोई ये ना कहे कि सरदार ने अच्छा माल निकाल के रख लिया." तिने त्यांना सगळं नीट सांगितलं, कुठल्या गिअरला, कुठल्या रस्त्यावर, धक्का बसल्यावर. ते मधे न बोलता ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मतलब स्प्रिंग ठीक है, रास्ते में कुछ फँस रहा है." ती म्हणाली, "मला पण तेच वाटत होतं," आणि मग आपण मराठीत बोललो हे लक्षात येऊन, "हाँ जी, मुझे भी यही लगता था." मग ती बाहेर पंख्याखालच्या खुर्चीवर जाऊन बसली. मी आत उभा राहिलो, काम बघायला.

सरदारजींनी दांड्याची वरची मूठ फिरवून काढली. दांड्याभोवतीचं कातड्याचं घडीचं कव्हर असतं, ते खालून उचकटून वर ओढलं. आत बोटं घातली, चाचपलं, आणि बोटं बाहेर काढून उजेडात धरली. बोटं पिवळी झाली होती.

"ये पीला-पीला क्या है?"

मला तत्क्षणी कळलं.

दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याची गोष्ट. थोरल्या भावाने कुरिअरने जेजुरीचा भंडारा पाठवला होता, सोबत एक सुपारी. त्याच आठवड्यात ही एकटी गाडी घेऊन जयपूरला मैत्रिणीकडे जाणार होती. दसऱ्याला गाडीला हार, हळदकुंकू एवढं तिला चालायचं. पण डॅशबोर्डवर देव ठेवू द्यायची नाही. तिथे फक्त मीटरचे काटे, असं तिचं म्हणणं. मग मी जुन्या रुमालाच्या तुकड्यात भंडारा आणि सुपारी घातली, पुरचुंडी केली, आणि ती फाइलच्या टॅगने बांधली. सरकारी फाइलमध्ये कागद ओवायला हिरवी दोरी असते, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या. निवृत्त होताना मी त्यांची एक जुडी घरी आणली होती, कशाला ते देव जाणे. सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा खाली गेलो, कातड्याचं कव्हर उचललं, आणि पुरचुंडी दांड्याच्या बुडाशी त्याच टॅगने घट्ट बांधली. ती सुखरूप परत आली. मी कुणाला काही बोललो नाही.

मी ते विसरलो होतो असं म्हणणं खोटं होईल. अधूनमधून आठवायचं, बरं वाटायचं. पण ते देवाच्या खात्यातलं होतं, गिअरच्या नाही. ही दोन्ही खाती एकाच भोकात बसली आहेत, हे तीन महिन्यांत एकदाही डोक्यात आलं नाही.

सरदारजींनी चिमट्याने ती पुरचुंडी ओढून काढली. गाठ सैल होऊन पुरचुंडी खाली घसरली होती. दमट हवेने आणि तेलाने हळदीचा आतल्या सुपारीसकट दगड झाला होता. रस्त्यात धक्का बसला की ती उडून दांडा आणि कडेच्या पट्टीच्या फटीत बसायची, आणि टॅगची पत्र्याची टोपी तिथे पाचरीसारखी रुतायची. गाडी उभी राहिली की घसरून खाली. पट्टीवर त्या टोपीने पाडलेले ओरखडे सरदारजींनी मला बोटाने दाखवले. वीस-पंचवीस असतील. तिला इतक्या वेळा ते झालं होतं. मला तिने फार तर पाच वेळा सांगितलं असेल.

मी बाहेर बघितलं. ती पाठमोरी बसली होती. मी हलक्या आवाजात म्हणालो, "सरदारजी, मॅडम को मत बताइए. बोल दीजिए स्प्रिंग बदल दी."

त्यांनी चिमटा खाली ठेवला. "गाड़ी किसकी है, जी?"

"उनकी."

"तो चीज़ भी उनकी." त्यांनी पुरचुंडी बघितली, आत देवाचं काही आहे हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी हात पुसले, एक धुतलेलं फडकं घेतलं, त्यावर ती ठेवली, आणि फडकं दोन्ही हातांवर धरून बाहेर गेले. मी मागून गेलो.

तिने आधी हळद बघितली. मग हिरवी दोरी. दोरीचं टोक दोन बोटांत धरून म्हणाली, "हा तुमच्या ऑफिसचा टॅग."

"हो."

"कधी?"

"तू जयपूरला गेलीस तेव्हा."

तिने दोरीचं टोक सोडलं. चिडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "भीती वाटत होती तर सांगायचं ना."

"तू हसली असतीस."

"हसले असते. मग? हसल्यावर काय झालं असतं?"

सरदारजींनी तोवर सगळं पुन्हा बसवलं आणि तिला आत बोलावलं. ती सीटवर बसली. डावा हात दांड्यावर ठेवला, दांडा डावीकडे नेला, सोडला. तो टक् करून मधे आला. उजवीकडे नेला, सोडला. मधे आला. ती करत राहिली, पाच, सात, दहा वेळा. मग हात दांड्यावर तसाच ठेवून तिने मान खाली घातली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, तिला रडताना मी हातावर मोजण्याइतक्या वेळा बघितलं आहे. मी दाराशी वाकून उभा होतो. सरदारजी काहीतरी आणायला मागे निघून गेले.

"पुरचुंडीचं मला काही नाही," ती म्हणाली. "ती तुम्ही काळजीने बांधलीत. पण मी तीन महिने सांगत होते, गिअर मधे येत नाही. तुम्ही गिअरकडे एकदाही बघितलं नाहीत. माझ्या हाताकडे बघत राहिलात. शेवटी मीसुद्धा तिकडेच बघायला लागले."

"चुकलं माझं," मी म्हणालो. खरंच चुकलं होतं. म्हणून ते शब्द फारच लहान वाटले.

तिने डोळे पुसले आणि दातांच्या डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर साहब, गिअर ठीक हो गया. जी. नहीं, अब बेचनी नहीं है. आपको बेकार में तकलीफ़ दी, सॉरी." फोन पर्समध्ये ठेवून तिने किल्ली फिरवली.

मी वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेलो आणि हँडलला हात घातला. तिने काच थोडी खाली केली.

"तुम्ही मेट्रोने या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आज शेजारी कुणी नको."

मी हात काढून घेतला. गाडी वर्कशॉपच्या फाटकातून बाहेर पडली. इतकी वर्षं शेजारी बसून मला तिचे गिअर आवाजावरून कळतात. रस्त्याला लागताना पहिला. टेम्पोला वळसा घालून दुसरा. पुढे खड्डे होते, गाडी दोनदा उडाली, आणि मी श्वास रोखून तिथेच उभा राहिलो. तिसरा इतका अलगद पडला की ऐकूच आला नाही. गाडी रिकाम्या सीटसकट कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली.